मा. एशियास्टार उपग्रह यांस, माहुलहून

प्रति,
मा. एशियास्टार महोदय,
मुक्काम विषुववृत्ताच्या वर, 105 अंश पूर्व रेखांश,
उंची सुमारे 35,800 किलोमीटर.

विषय: 31 डिसेंबर 2009 रोजी बंद झालेल्या उपग्रह रेडिओ वाहिन्यांबाबत. पत्रास झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व.

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

माहुल गावातून आपल्याला नमस्कार करायचा तर तोंड पूर्वेकडे, पण बऱ्यापैकी दक्षिणेला कलतं ठेवावं लागतं आणि नजर क्षितिज व माथा यांच्या साधारण मधोमध धरावी लागते. त्या अंगाला ट्रॉम्बेचा डोंगर येतो. मुंबईच्या मानाने तो उंच खरा, पण सगळा मिळून तीनशे मीटरच्या आसपास. आपल्या वाटेत येण्याची त्याची ऐपत नाही. रिफायनरीच्या चिमण्या आणि त्यांच्या टोकाला पेटती ज्योत, त्या तर त्याहून ठेंगण्या. म्हणजे माहुलची हवा कशीही असो, आपल्यापर्यंतची वाट मोकळी आहे.

हवेचा विषय इथे आपोआप निघतो. या परिसरातल्या प्रदूषणाने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली सांगितलं. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या हजारो कुटुंबांना याच माहुलच्या सात मजली इमारतींत आणून ठेवण्यात आलं. त्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून आकाश दिसायची मारामार. तो मात्र स्वतंत्र पत्राचा विषय आहे आणि त्या पत्राचा पत्ता आपल्याइतका उंच नाही.

आपलं एक मात्र कौतुक केलंच पाहिजे. मुंबईत सगळ्यांत महाग खिडकी कोणती, तर पश्चिमेची, समुद्र दिसणारी. वांद्र्यात, वर्सोव्यात तिच्यासाठी बिल्डर जादा पैसे मोजून घेतो. आपल्या दरबारी त्या खिडकीला काडीची किंमत नव्हती. आपण पूर्वेला. ज्याचं घर पश्चिमेकडे तोंड करून उभं, त्याने उपग्रह रेडिओचा तो छोटा चौकोनी अँटेना गॅलरीत ठेवला काय आणि कपाटात ठेवला काय, सारखंच. उलट जिन्याच्या बाजूची, पूर्वेला एक अरुंद खिडकी असलेली खोली आपल्याला चालत असे. मग घरातला एक जण अँटेना अंशाअंशाने फिरवणार, दुसरा रेडिओच्या पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघत ‘जरा डावीकडे, हां, हां, आता हात काढ’ म्हणणार, आणि हात काढला की पट्टी खाली. मुंबईत भाव ठरवण्याची ही एकमेव पद्धत अशी की जिच्यात समुद्र हरला.

पावसाळ्यातही आपण इभ्रत राखून होतात. डीटीएचची तबकडी केयू बँडवर चालते, त्यामुळे जुलैतली एक जोरदार सर आली की मालिकेतली सासू चौकटी-चौकटी होऊन गोठते. आपण बोलत होतात एल बँडवर, 1,467 ते 1,492 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. बाहेर पाणी तुंबलेलं असताना आत ख्याल अखंड चालू.

आपला जन्म मुंबईकरांसाठी झाला नव्हता, हेही इथे नोंदवून ठेवलेलं बरं. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी 1990 साली ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी काढली. आफ्रिकेत एड्स पसरत होता, खेडोपाडी माहिती पोहोचत नव्हती, आणि रेडिओचे मनोरे जिथे उभे राहू शकत नाहीत तिथे थेट आकाशातून आवाज उतरवावा, अशी ती कल्पना. आपले थोरले बंधू आफ्रिस्टार ऑक्टोबर 1998 मध्ये गेले. मार्च 2000 मध्ये आपण. दोघेही फ्रेंच गयानातल्या कूरूहून, एरियान रॉकेटवर बसून. आपले तीन झोत होते, त्यांतला एक भारतावर पडत असे. कंपनीने भारतातलं बिऱ्हाड बंगळुरूला थाटलं आणि जाहिरातीला ए. आर. रहमान यांना उभं केलं.

आणि मग काय थाट होता! ‘गंधर्व’वर चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, ‘श्रुती’वर कर्नाटक, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी, ‘झंकार’वर नवी, ‘फलक’वर गझल. तमिळला ‘केएल रेडिओ’, तेलुगूला ‘स्पंदना’, कन्नडला ‘स्पर्शा’, पंजाबीला ‘तुनक’. मराठीलाही एक वाहिनी होती. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत होतं, जॅझ होतं, ‘मोक्ष’ नावाची अध्यात्माची वाहिनीसुद्धा होती. मुंबईचे खासगी एफएमवाले तेव्हा त्याच वीस-पंचवीस गाण्यांची माळ जपत होते आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक धाप लागेपर्यंत हसत होते. त्या दिवसांत विलंबित तीनतालातला राग पूर्ण ऐकायला मिळणं, मध्येच साबणाची जाहिरात न घुसणं, यासाठी लोक आगाऊ वर्गणी भरत होते. फुकट हवेतून येणाऱ्या गोष्टीला मराठी माणूस पैसे मोजत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

तसा रेडिओसाठी पैसे भरण्याचा सराव जुन्या लोकांना होताच. एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे, दर वर्षी फी भरावी लागे आणि छोट्या पुस्तिकेत त्याची नोंद होई. फरक एवढाच की लायसन्सची मुदत संपली तरी रेडिओ मुका होत नसे.

महोदय, आता जरा हिशेबाचं बोलू. कंपनीच्या जगभरच्या वर्गणीदारांत भारतातलेच बहुसंख्य होते. संख्या लाखाच्या वर. आफ्रिकेसाठी घातलेला मांडव, आणि पंगतीला बसलेत बंगळुरू, चेन्नई, पुणे, मुंबईचे लोक. कोणताही शहाणा यजमान म्हणाला असता, आले आहेत त्यांना वाढा. आपल्या मालकांची नजर मात्र इटलीकडे. फियाटशी बोलणी करून तिथल्या मोटारींत उपग्रह रेडिओ बसवायचा बेत होता. 2007 च्या सुमारास भारतात नवे वर्गणीदार गोळा करण्याचा खर्चही आखडता घेतला गेला. ऐकणारे कान इथे आणि पैशाची स्वप्नं मिलान-तुरिनच्या रस्त्यांवर.

सरकारचाही वाटा त्यात होता, त्याला वगळून चालणार नाही. चालत्या गाडीत आपला आवाज टिकायचा तर उंच इमारतींच्या सावलीत जमिनीवर छोटे सहायक प्रक्षेपक लागतात. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या दोन्ही कंपन्यांनी शहराशहरांत ते उभारले, आणि 2008 मध्ये त्या दोघी एक होऊन आजही मोटारींच्या जिवावर जगत आहेत. भारतात उपग्रह रेडिओसाठी धोरणच नव्हतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2005 मध्ये शिफारशी केल्या. शिफारशी पुढे धोरण होण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगेत उभं राहून म्हातारं होण्याचा अनुभव माहुलकरांना नवा नाही, आपल्याला नवा असावा.

ऑगस्ट 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅसडॅकवर 21 डॉलरला विकलेला शेअर, आणि 17 ऑक्टोबर 2008 रोजी डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज. मधल्या तीन वर्षांत काय घडलं ते सांगायला निराळा हरिदास हवा. डिसेंबर 2009 च्या अखेरच्या आठवड्यात भारतातल्या वर्गणीदारांना निरोप आला: जगभरची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्या संभाव्य खरेदीदाराला भारतातला वर्गणीचा धंदा नको आहे, सबब 31 डिसेंबरपासून सेवा बंद. उरलेल्या वर्गणीचा परतावा नाही. दिवाळखोरीत आधी तारणवाले, मग बाकीचे, आणि सगळ्यांत मागे ज्यांच्याकडे फक्त पावती आहे ते. म्हणजे चेंबूर नाक्यावर घेतलेल्या रेडिओच्या उरलेल्या चार महिन्यांसाठी दावा लावायचा तर अटलांटिक ओलांडून.

यात आपला दोष नाही, हे माहुलकर समजून आहेत. 1 जानेवारी 2010 रोजी आपण जागच्या जागीच होतात, 105 अंशावर, इंधन आणि पंखे शाबूत. घरोघरचे रेडिओही शाबूत होते. फक्त त्या दोघांमधली परवानगी संपली. एकाच दुकानात चालणाऱ्या रेशनकार्डासारखा तो डबा. दुकानाला कुलूप लागलं की कार्ड हातात घेऊन उभं राहायचं. ज्यांच्या यंत्रात एफएम होतं त्यांचं तेवढं वाचलं. बाकीच्यांचा चौकोनी अँटेना माळ्यावर गेला.

इथे एक जुनी गोष्ट आपल्या कानावर घालणं भाग आहे. 1952 साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. हिंदी चित्रपटगीतं त्यांना अभिरुचीला घातक वाटत, आणि त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. मग श्रोत्यांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, दावा लावला नाही. रेडिओची खुंटी फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर 1952 पासून तिथे अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करू लागले आणि बुधवारी संध्याकाळी सारा देश कोलंबोला चिकटला. शेवटी सरकारलाच शहाणपण सुचलं. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. मंत्री हरले ते खुंटीपुढे. तो रेडिओ कुणा एकाचा बांधील नव्हता. लहर पोहोचली की तो पकडणार, मग ती मुंबईची असो, कोलंबोची की मॉस्कोची.

आपल्या डब्याला खुंटी होती, पण ती आपल्याच दालनांत फिरत असे. केसकरांना जे मंत्रिपदावर बसून साधलं नाही ते आपल्या मालकांनी एका निरोपात साधलं. गंमत अशी की केसकरांना प्रिय असलेलं शास्त्रीय संगीतही या वेळी गेलं, आणि त्याला चोवीस तासांचं घर परत मिळायला आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी यावी लागली, 26 जानेवारी 2016 रोजी. तीही आधी डीटीएचवर.

सरकारी वाहिन्या बंद पडत नाहीत असा याचा अर्थ नाही. नागपूरच्या 1,000 किलोवॉटच्या मध्यम लहरी प्रक्षेपकावरून 1988 पासून रात्रभर देशभर ऐकू जाणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी प्रसार भारतीने जानेवारी 2019 मध्ये बंद केली. ट्रकचालक, रखवालदार, रात्रपाळीचे कामगार, परीक्षेला बसलेली पोरं यांची ती सोबत. माहुलच्या रिफायनऱ्यांतही रात्रपाळी असतेच. त्या बंदीवर फारसा गलका झाला नाही, कारण रात्री जागणारे लोक दिवसा निवेदनं देत नाहीत. पण जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून सकाळी 7.10 च्या बातम्या छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा पुणेकर उठले. पुणेकर उठले की काय होतं ते आपण वरून पाहिलं असेलच. केंद्रीय मंत्र्यांना त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. पुणे केंद्राला फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे, त्याच्या हातात निवेदन देता येतं. आपल्या फाटकापर्यंत कोण येणार?

तेव्हा श्रोत्यांच्या मागण्या मोजक्याच आहेत. वर्गणी परत नको, तिचं पाणी केव्हाच वाहून गेलं. आपण पुन्हा गावं, असंही म्हणणं नाही. पुढे हाँगकाँगच्या सीएमएमबी व्हिजन कंपनीने चीनमधल्या मोटारींसाठी आपल्याला कामाला लावण्याचे बेत आखले, तेव्हा आपण नव्या घरी सुखाने नांदावं. मागणी आहे ती आपल्या नंतरच्यांकडून. यापुढे आकाशातून, केबलमधून किंवा मोबाईलमधून जो कोणी वर्गणीवर संगीत विकेल, त्याने दुकान बंद करताना दोन कामं करावीत: डब्याचं कुलूप काढून द्यावं आणि वाजवलेल्या कार्यक्रमांची यादी कुठेतरी जमा करावी. चित्रपट संपल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची प्रत तरी शोधता येते. चोवीस तास चाललेल्या वाहिनीचं मात्र वेळापत्रकही उरू नये, हा कुठला न्याय?

आणि वाचकहो, पत्र उपग्रहाच्या नावे असलं तरी वाचणार तुम्हीच आहात. तुमच्यापैकी कोणी ‘गंधर्व’ किंवा मराठी वाहिनी त्या काळी कॅसेटवर उतरवून ठेवली असेल, वाहिन्यांची छापील यादी, वर्गणीची पावती किंवा तो चौकोनी अँटेना माळ्यावर पडला असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकाकडे नोंद करून द्या. नोंद करताना तारीख लिहायला विसरू नका.

कळावे, लोभ असावा,
माहुल, मुंबई 400 074 येथील रेडिओप्रेमी