टेकूशास्त्री

टेकूशास्त्री हा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये विपुल आढळणारा गृहस्थ होय. त्याच्याकडे पाच-सहा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट असते, बोट वाहायला ट्रेलर असतो, ट्रेलर ओढायला पिकअप ट्रक असतो आणि बोटीच्या पिछाडीला आउटबोर्ड मोटर असते. एवढे साहित्य लाखो लोकांकडे आहे. तेवढ्याने कोणी शास्त्री होत नाही. रस्त्याने जाताना ती मोटर कशावर टेकवून न्यावी, या एका प्रश्नाला ज्याने उमेदीची वर्षे वाहिली त्यालाच ही पदवी शोभते. मासे पकडणे हा त्याचा जोडधंदा समजावा.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ आहेत. यांतले एखादे बहुधा त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर असते, पण त्यात मासे नाहीत अशी त्याची खात्री असते. म्हणून तो दीडशे किलोमीटरांवरच्या तळ्यावर जातो. त्या तळ्याकाठचे लोक त्याच सकाळी आपापल्या बोटी घेऊन उलट दिशेने निघालेले असतात. वॉलआय हा या राज्याचा अधिकृत राज्यमासा. त्याचा हंगाम मे महिन्याच्या मध्याला खुला होतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मिनियापोलिसहून मिल लॅक्स तळ्याकडे जाणाऱ्या १६९ क्रमांकाच्या महामार्गावर ट्रेलरांची रांग लागते. रस्ता तेव्हा नुकताच हिवाळ्यातून उठलेला असतो. जमिनीतले पाणी गोठून फुगते, डांबर वर उचलते, आणि बर्फ वितळला की तिथे खड्डा राहतो. तिथले खड्डे असे निसर्गनिर्मित असतात. कंत्राटदाराला त्यात फारसा वाव नाही. हे खड्डे नसते तर टेकूशास्त्र जन्मालाच आले नसते.

मूळ अडचण खरी आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बोटीच्या पिछाडीच्या ज्या उभ्या फळीवर मोटर बसवतात तिला ट्रान्सम म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे किंवा फायबरग्लासच्या थरांमध्ये पुष्कळदा प्लायवुड असते. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले की ते आतल्या आत कुजते आणि बाहेरचा रंग मात्र झकास राहतो. मोटर सरळ उभी असेल तर तिचे वजन ट्रान्सममधून नीट खाली उतरते. पण मग तिचे खालचे टोक, म्हणजे पंख्याखालचे पाते, रस्त्याच्या फार जवळ येते आणि रेल्वे फाटकावर किंवा पेट्रोल पंपाच्या चढावर खरवडण्याची भीती असते. म्हणून मोटर तिरकी वर उचलतात. उचलली की तिचा भार मागे सरकतो, तरफेचा हात लांबतो आणि प्रत्येक खड्ड्याला ट्रान्सममध्ये हिसका बसतो. ११५ अश्वशक्तीची आजची फोर-स्ट्रोक मोटर १६५ किलोंच्या आसपास भरते, आणि हे सगळे वजन बोटीच्या मागे हवेत तरंगत असते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. नॉर्वेत जन्मलेला आणि मिलवॉकीत स्थिरावलेला ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये बाजारात आणलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि सुमारे २८ किलोंची होती. वाग्दत्त वधूसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळले आणि त्या संतापातून मोटर सुचली, ही कथा विस्कॉन्सिनमध्ये श्रद्धेने सांगतात. त्यानंतर कित्येक दशके लहान मोटर दोन स्क्रू ढिले करून काढायची आणि गाडीच्या डिकीत टाकायची असाच रिवाज होता. पुढे अश्वशक्ती वाढली आणि मोटरी ट्रान्समला बोल्टने कायमच्या जखडल्या गेल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातली. हलक्या, धूर ओकणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरी हळूहळू मागे पडल्या आणि वजनदार फोर-स्ट्रोक आल्या. तळ्यांवरची हवा सुधारली आणि टेकूशास्त्र्याला आयुष्यभराचा विषय मिळाला.

कोणत्याही शास्त्राप्रमाणे इथेही पंथ आहेत. सर्वांत मोठा दांडेवाल्यांचा. लांबी कमीजास्त करता येणारा धातूचा दांडा घ्यायचा, त्याचे एक टोक ट्रेलरच्या शेवटच्या रोलरपाशी किंवा मागच्या आडव्या पट्टीला अडकवायचे. दुसऱ्या टोकाला रबर लावलेले बेचके असते, त्यात मोटरचा खालचा भाग बसवायचा. मग बटण दाबून मोटर किंचित खाली घ्यायची, म्हणजे ती बेचक्यात घट्ट रुतते. वरून एक रबरी पट्टा. आता खड्ड्याचा हिसका ट्रेलरच्या चौकटीत जातो आणि ट्रान्सम सुटते, असा सिद्धान्त. त्यावर आक्षेप असा की बोट आणि ट्रेलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोटीची पिछाडी ट्रेलरला पट्ट्यांनी आवळलेली नसेल तर खड्ड्यात बोट उडते, दांडा उडत नाही, आणि ट्रान्समच्या वाट्याचा दणका मोटरच्या गिअरकेसला मिळतो. आक्षेप बरोबर आहे. उत्तरही सोपे आहे: पट्टे आवळा. पण वाद एवढ्यावर मिटला तर उरलेल्या दीडशे किलोमीटरांत बोलायचे काय?

पाचरवाले स्वतःला सुधारक मानतात. मोटर वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक दट्ट्याच्या चकचकीत दांडीवर ते प्लास्टिकची जाड पाचर चढवतात आणि मोटर तिच्यावर उतरवतात. मोटर हलत नाही, हायड्रॉलिकवर ताण येत नाही, ट्रेलरचा संबंधच येत नाही. दांडेवाले म्हणतात, भार शेवटी ट्रान्समवरच राहिला. पाचरवाले म्हणतात, भाराने काही होत नाही, हेलकाव्यांनी होते. या मुद्द्यावर सख्ख्या भावांनी एकमेकांच्या बोटीत बसणे सोडल्याची उदाहरणे नसतील, पण असावीत असे वाटते.

ठोकळेवाल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते दोन बाय चार इंची लाकडाचा तुकडा मोटर आणि तिचा ब्रॅकेट यांच्या फटीत ठोकतात. (हे लाकूड अमेरिकेत प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे मिळते, आणि सगळा देश त्याला दोन बाय चारच म्हणतो.) ठोकळ्याला जुन्या गालिच्याची पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा चोरीला जात नाही.

उरले नास्तिक. जे ट्रान्सम ११५ घोड्यांचा रेटा आणि दिवसभर लाटांचे तडाखे सोसते त्याला एका खड्ड्याची काय मातब्बरी, हा त्यांचा बिनतोड प्रश्न. पाण्यात मोटर खाली असते, तिरकी उचललेली नसते, हे त्यावरचे तितकेच बिनतोड उत्तर. बहुतेक ट्रान्समे मोडत नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. दांडेवाल्याचे ट्रान्सम शाबूत राहिले तर ते दांड्यामुळे. नास्तिकाचे शाबूत राहिले तर दांडा निरुपयोगी असल्यामुळे. एखादे मोडलेच, तर ते आधी कुजलेले होते, यावर सर्व पंथांचे एकमत आहे.

मोटर बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत हा विषय काही ओळींत आटोपलेला असतो. जमिनीपासून अंतर पुरत असेल तर मोटर सरळ, चालवण्याच्या स्थितीतच न्यावी. पुरत नसेल तर उचलून तिला वेगळा आधार द्यावा. मोटरलाच जो छोटा आधाराचा खटका बसवलेला असतो तो रस्त्यावर वापरू नये. हिसक्यांनी सुटून मोटर खाली आदळते. टेकूशास्त्र्याला हा सगळा मजकूर तोंडपाठ असतो. पहिले वाक्य मात्र तो हळू आवाजात म्हणतो.

त्याचे खरे दर्शन घडते ते पेट्रोल पंपावर. नळी गाडीत अडकवून तो दुसऱ्याच्या ट्रेलरमागे जातो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. मिनेसोटाचा माणूस परक्याला तोंडावर चूक म्हणत नाही. ‘वेगळंच आहे हो तुमचं,’ एवढेच तो शेवटी म्हणतो, आणि त्या राज्यात एवढे बोलणे म्हणजे चारचौघांत खरडपट्टी काढणे होय. समोरचाही तिथलाच असतो. ‘आतापर्यंत तरी टिकलंय बुवा,’ असे म्हणून तो काच पुसू लागतो. मग टेकूशास्त्री न विचारता त्याचे पट्टे ओढून पाहतो. लग्नाच्या मांडवात ना वराकडचा ना वधूकडचा असा एक गृहस्थ प्रत्येक दोरी ओढून पाहत हिंडतो, तसा. पट्टा घट्ट निघाला की त्यावर थाप मारून ‘आता हे कुठे जात नाही’ असे म्हणण्याची पद्धत आहे. थाप मारल्याने पट्ट्याची पकड वाढते असे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. पण थाप न मारता निघालेला ट्रेलरवाला अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर तो रस्त्याकडेला थांबतो. चाकांच्या हबला हात लावून बेअरिंग तापले आहे का पाहतो, हे शहाणपणाचे आहे. त्यानंतर दांडा पाहतो, बेचके पाहतो, रबरी पट्टा पाहतो, आणि पुन्हा दांडा पाहतो. बायको ट्रकमध्ये पुस्तक वाचत असते. तिचे पुस्तक या प्रवासात संपते.

तळ्याच्या उतारावर येण्याआधी वाहनतळातच सगळी तयारी करावी, असा शिष्टाचार आहे: पट्टे सोडा, दांडा काढा, बोटीच्या बुडाचे बूच लावा. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटाच्या कायद्याने बोट रस्त्यावर असताना बूच काढून ठेवावे लागते. साहजिकच तळ्यावर पोचल्यावर ते परत लावायचे राहून जाते आणि बोट पाण्यात उतरताच आतून भरू लागते. टेकूशास्त्र्याच्या बाबतीत हे क्वचितच होते, कारण बूच त्याच्या बायकोच्या खिशात असते. ट्रेलर मागे घेत नेण्याचे कामही तीच करते आणि एका दमात करते. तो बाहेर उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करतो. ती आरशात पाहते, त्याच्याकडे नाही.

त्याची स्वतःची चूक ठरलेली असते आणि ती दांड्याशीच निगडित असते. सांगण्यासारखे प्रकार दोन. पहिला: दांडा काढायचे विसरून तो मोटर खाली घेण्याचे बटण दाबतो, आणि हायड्रॉलिकच्या ताकदीपुढे दांडा वाकतो. दांडा वाकला म्हणजे त्याने किती जोर सोसला पाहा, असा निष्कर्ष तो यातून काढतो. दुसरा: दांडा काढून गवतावर ठेवला जातो, दिवसभर मासेमारी होते, अंधारात घाईने बोट चढवली जाते, आणि दांडा गवतावरच राहतो. घरी पोचल्यावर हे लक्षात येते. मोटर दीडशे किलोमीटर बिनटेकू आलेली असते आणि ट्रान्समला काहीही झालेले नसते. या प्रवासाचा उल्लेख तो पुन्हा कधी करत नाही. नवा दांडा मात्र दुसऱ्याच दिवशी येतो.

हिवाळ्यात त्याची स्थिती केविलवाणी होते. तळी गोठतात, बोट शेडमध्ये जाते, आणि मोटर सरळ उभी ठेवावी लागते. तशी ठेवली म्हणजे आतले पाणी निथळते, तिरकी राहिली तर साचलेले पाणी गोठून नासधूस करते. म्हणजे सगळा हिवाळा मोटरला टेकूची गरज नसते. तो बर्फाला भोक पाडून मासे धरायला जातो, पण त्या खेळाला मोटर लागत नसल्याने त्याचे मन रमत नाही. जानेवारीत मिनियापोलिसला बोटींचे प्रदर्शन भरते. तिथे लोक चकचकीत बोटींत चढून सुकाणू फिरवून पाहतात. हा ट्रेलरखाली वाकलेला सापडतो. विक्रेता बोटीचा वेग सांगतो, आसनांचे कापड दाखवतो. हा विचारतो, मागच्या रोलरची जाडी किती?

पुढेमागे बोट विकायची वेळ येतेच. गिऱ्हाईक प्रथम मोटर किती तास चालली ते विचारते. मीटरवरचा आकडा फारच लहान निघतो, कारण बोटीचे बहुतेक आयुष्य ट्रेलरवर गेलेले असते. मग गिऱ्हाईक जुनी, खात्रीची परीक्षा घेते: मोटर वर उचलायची, तिच्या खालच्या टोकावर सगळा भार टाकून दाबायचे आणि ट्रान्सम लवते का ते पाहायचे. ट्रान्सम तसूभरही लवत नाही. टेकूशास्त्री म्हणतो, दांड्याची पुण्याई. गिऱ्हाईक नास्तिक असते. ते म्हणते, एवढे मजबूत असेल तर दांडा कशाला हवा? बोटीची किंमत पाच मिनिटांत ठरते. दांडा किमतीत धरायचा की वेगळा, यावर सौदा तासभर अडतो, आणि शेवटी दांड्याची लांबी नव्या बोटीच्या मापाची नाही हे लक्षात आल्यावर टेकूशास्त्री तो फुकट देऊन टाकतो.