छापून आलं म्हणजे पेटंट नव्हे

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी धावायची, तीसुद्धा विजेवर. राजाच्या घरीही काही फुकट फिरत नव्हतं.

तरी ‘ना इंधन, ना वीज, यंत्र अखंड चालू’ अशी बातमी अधूनमधून येतेच. खाली लिहिलेलं असतं, संशोधकाला पेटंट मिळालं. बहुतेक वेळा मिळालेलं नसतं. दाखल केलेला अर्ज १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप छापला जातो, दावा कितीही अचाट असो. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. ऑनलाइन अर्ज करणाऱ्या व्यक्तीला दाखल करायला १,६०० रुपये आणि तपासणीला ४,००० रुपये पडतात. पहिली पावती हातात आली की पेढे वाटले जातात आणि दुसरीचं नाव कुणी काढत नाही.

ग्वाल्हेरहून कुणी अर्ज केला, तर तो मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तिथल्या तपासनिसाच्या हाती १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ आहे: प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा हा शोधच नाही. कलम १० खाली मॉडेलही मागवता येतं. मी म्हणतो, अशा अर्जांत ते दर वेळी मागवावं. मोटरने जनित्र फिरवायचं आणि त्याच जनित्रावर मोटर चालवायची, ही रचना कागदावर सुरेख दिसते. घर्षण आणि उष्णता मात्र प्रत्येक फेरीत आपला वाटा नेतात, आणि लपवलेली बॅटरी संपली की चाक थांबतं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच असले प्रस्ताव तपासणं बंद केलं. अमेरिकेत जोसेफ न्यूमन नावाचे संशोधक अशाच यंत्राच्या पेटंटसाठी कोर्टापर्यंत भांडले. १९८६ मध्ये सरकारी प्रयोगशाळेने त्यांचं यंत्र तपासलं, तर घातलेल्या विजेपेक्षा बाहेर आलेली कमी भरली.

आपल्याकडे लगेच भास्कराचार्यांचं नाव पुढे केलं जातं. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पाऱ्यावर आपोआप फिरणारं चक्र आहे, हे खरं. पण भास्कराचार्यांची थोरवी त्यांच्या गणितात आहे, त्या चाकात नाही.

नकार देणारा तपासनीस संशोधकाचा शत्रू नाही. तो एखाद्याची निवृत्तीची पुंजी वाचवतो. तो नकार बातमी होत नाही, याची मला चीड येते. बातमीदारांनो, छापण्याआधी तपासणीचा अहवाल मागा. आणि भागीदारीसाठी पैसे काढून ठेवणाऱ्यांनो, मंजुरीचा क्रमांक मागा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही विनाशुल्क तपासता येतो.