रामटेक, सव्वा इंच वरून

जिप्सीत चढायला माणूस किती उंच असावा, हे मारुती कंपनीनं कधी छापलं नाही. छापलं असतं तर मी या घरात सोयरीक केली नसती. माझी उंची पाच फूट दोन इंच. लग्नाच्या फोटोसाठी फोटोग्राफरनं मला पाटावर उभं केलं होतं, आणि तो पाट फोटोत आला आहे.

गाडी सासऱ्यांची, १९९१ सालची. ९७० सीसीचं इंजिन, पंचेचाळीस घोडे, त्यातले काही आता वयोमानानं बसून असतात. सासरे तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. त्यांच्यामागे गाडी साळेबुवांकडे आली. साळेबुवांना दुसरं कसलं व्यसन नाही, असं बायको कौतुकानं सांगते. दुसऱ्या व्यसनाला पैसे उरत नाहीत, हे मी सांगतो.

यंदा त्यांच्या मनात मोठे टायर आले. आधी होते २०५/७० आर १५. नवे आणले २३५/७५ आर १५. पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचे इंच. जन्म बँकेत व्याज मोजण्यात गेला असल्यामुळे तर्री पोह्याची प्लेट संपेस्तोवर मी हिशोब काढला: टायरचा व्यास ६६८ मिलिमीटरवरून ७३३वर गेला. त्याच्या निम्म्यानं गाडी वर, म्हणजे सव्वा इंच. तेवढ्यात मी चढणाऱ्यांतून चढवल्या जाणाऱ्यांत गेलो.

एवढ्यावर भागलं नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की रुंद टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा. त्यावर ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं स्पेसर सुचवले. स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची तीस मिलिमीटर जाडीची चकती. हबच्या पाच बोल्टांवर ती नटांनी आवळायची, आणि तिचे स्वतःचे पाच बोल्ट असतात त्यांवर चाक. चाक तेवढं बाहेर सरकतं, घासणं बंद. फक्त आतले नट चाकामागे झाकले जातात. ते ढिले झाले का हे पाहायला अख्खं चाक उतरवावं लागतं. म्हणून ते कोणी पाहत नाही.

“कंपनीनंच ९३ साली जिप्सी नव्वद मिलिमीटर रुंद केली होती, भाऊजी. आपण तर साठच करून राहिलो,” साळेबुवा म्हणाले.

कंपनीनं त्यासाठी अ‍ॅक्सलच रुंद केला होता, चकत्या लावल्या नव्हत्या. शिवाय मूळ नमुन्याला सोडून गाडीत फेरफार करायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगून ठेवलं आहे, हेही मी ऐकवलं.

“तुम्ही पेपर वाचणं सोडून द्या, भाऊजी.”

रविवारी सकाळी टायरची ट्रायल म्हणून रामटेकला निघालो. मी सोबत का? कारण बायको म्हणाली, “तो एकटा कुठी पडून राहीन बाप्पा.” दोघं पडून राहिलो तर तिची हरकत नव्हती.

कामठी आली आणि गेली. मीटरवर साठ दिसत होते. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, हे मीटरला कोणी कळवलेलं नसतं; खरा वेग सहासष्ट होता. मी ते कळवलं. साळेबुवांना आनंद झाला.

कन्हानचा पूल ओलांडला आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. साळेबुवा म्हणाले, वारा आहे. झाडाचं पान हलत नव्हतं. मग म्हणाले, नव्या टायरवरची रबरी लव झिजेपर्यंत असं होतंच. मग म्हणाले, “तुम्ही दाराकडं सरकून बसले ना, म्हणून.” मी मधे सरकलो. आता गिअर माझ्या गुडघ्याला लागू लागला आणि थरथर स्टिअरिंगमधून माझ्या कवळीत आली. पाठोपाठ माझ्याच बाजूच्या पुढच्या चाकातून आवाज: टक. टक. टकटक. साळेबुवांनी रेडिओ मोठा केला. माणूस निर्ढावलेला असावा तरी किती! मी ओरडलो. मोठ्यानं ओरडलो. बँकेत कॅश कमी आली तेव्हाही इतका ओरडलो नव्हतो.

मनसरला पंक्चरच्या दुकानासमोर गाडी थांबली. दुकानदार पोरगा विशीतला. त्यानं जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि ते हललं.

“काकाजी, इथवर आले कसे तुम्ही?”

चाक उतरवलं. आतले पाचही नट हातानं फिरत होते. चकतीची गोल भोकं लांबोळकी झालेली, आणि कडेला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा. बोट लावलं तर बर्फीवरच्या वर्खासारखा चिकटून आला. “हबवरचा जंग घासलाच नाही,” पोरगा म्हणाला. “जंगावरच बसवलं. चालता चालता जंगाचा झाला भुगा, अन् नट पडले ढिले. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, असं नाही सांगितलं काय कोणी?” कोणी नव्हतं सांगितलं. उरलेली तीन चाकंही खोलली. तिथंही जंग.

तो घासत बसला तेवढा वेळ मी हायवे पाहिला. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात हाच हायवे वाघांना खालून जाता यावं म्हणून खांबांवर उचलला आहे. एक तुकडा ७५० मीटरचा. तिथले खांब हलत नाहीत म्हणतात.

स्पेसर काढायचं ठरलं. जुने नट सीटखालच्या पिशवीत होते. ती काढायला मी नेहमीची लोखंडी मूठ धरून वर चढलो. पोरगा म्हणाला, “हे कंपनीचं नाही वाटत.”

“बाबांनी वेल्डिंग करून घेतलं,” साळेबुवा म्हणाले. “ताईचं लग्न ठरलं तवा. म्हणत, जवाई बुटके आहेत, चारचौघांत कोणाचा हात मागावा लागू नये.”

सासरे माझ्याशी पावसापाण्यापलीकडे कधी बोलले नाहीत. ती लोखंडी दांडी हाताच्या घामानं गुळगुळीत झाली आहे, एकट्या माझ्याच. मला ती कंपनीची वाटत होती. मी पिशवी शोधायला नको तितका वेळ लावला.

“साडेआठशे झाले,” पोरगा म्हणाला. पैसे मी दिले. साळेबुवा टायर घेऊन बसले होते ना.

स्पेसर गेले, पण टायर मोठेच. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवायची सोय संपली. रामटेकच्या गडाचा रस्ता वळणावळणाचा, म्हणून गड खालून पाहिला. चांगला आहे. कालिदासानं ‘मेघदूत’ इथं रचलं म्हणतात. यक्षानं निरोप ढगाकरवी का धाडला, ते मला पटलं.

परतताना वळायला मोकळं मैदान शोधत तीन किलोमीटर जास्त गेलो. नागपुरात साळेबुवांच्या गल्लीत गाडी गेटमधून आत वळेना. मागेपुढे, मागेपुढे, प्रत्येक वेळी टायर पाट्याला घासून कुईऽऽ. खिडक्या उघडल्या. शेवटी ती समोरच्या काकांच्या दारापुढे लावून ठेवली. काका निवृत्त इंजिनिअर. गाडीला पूर्ण फेरी मारून, वाकून चाकाआत बघून ते साळेबुवांना म्हणाले, “घासते ना? सोपं आहे. स्पेसर टाकून पाहा.”