भरल्या घरात कादंबरी कशी वाचावी

सर्वांत आधी, आपल्याला सुट्टी लागली आहे हे कोणालाही कळू देऊ नये. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ही सोय मला नाही. ‘तुला काय बाई, सुट्टीच आहे’ हे वाक्य आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, ते जूनमध्ये शाळेची घंटा वाजेपर्यंत थांबत नाही. या एका वाक्याच्या जोरावर माझ्याकडून वर्षाचे गहू निवडून झाले, माळा झाडून झाला, आणि एकदा तर शेजारच्यांच्या लग्नाच्या 300 पत्रिकांवर नावं घालून झाली. अक्षर चांगलं आहे म्हणे.

थंड हवेच्या ठिकाणी बंगला, व्हरांडा आणि वेताची आरामखुर्ची असणाऱ्यांना या मार्गदर्शनाचा उपयोग नाही. ही मंडळी पुस्तकं सोबत नेतात आणि तशीच परत आणतात. पुढचं सारं आहे ते सोलापुरात, 43 अंशांत, एका कूलरसमोर 9 माणसं झोपणाऱ्या घरासाठी.

‘कादंबरी’ हा शब्द आपण वापरतो आणि आमच्या गल्लीतले कानडी शेजारीही तोच वापरतात. तो आला बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून. बाणाच्या हातून तो ग्रंथ पुरा झाला नाही, त्याच्या मुलानं पुरा केला. कादंबरीच्या कामी घरच्या माणसाची मदत झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एवढंच उदाहरण. आमचे चिरंजीव मी निम्म्यावर असताना शेवटचं पान उघडून “आई, तो मरतो” एवढं सांगतात आणि क्रिकेटला जातात.

आता पुस्तकाची निवड. ती जाडीवरून करावी, समीक्षा वाचून नव्हे. ‘श्रीमान योगी’ किंवा ‘मृत्युंजय’ घ्यायची तर घरात निदान एक बाळंतीण किंवा पाय मोडलेला माणूस हवा, म्हणजे त्याच्या उशाशी बसून वाचता येतं. तसं कोणी नसेल तर ही पुस्तकं पापडांवर टाकलेल्या सुती लुगड्याच्या टोकांना वजन म्हणून उत्तम. दुपारच्या वावटळीत हलत नाहीत. लाईट जाऊन येईपर्यंतच्या वेळात बसणारी पुस्तकं वेगळी. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ तशी आहे, 1939 सालची आणि बरीचशी बोटीवर घडणारी. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बसून चहूबाजूंनी समुद्र असलेली कादंबरी वाचायची यात एक वेगळंच सुख आहे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही अंगानं बारीकच, शिवाय त्यातला मास्तर माझ्याच धंद्यातला. फक्त त्यातला दुष्काळ पाणी येऊन गेलेल्या दिवशी वाचावा, पिंप भरलेलं असताना. ‘ययाति’ तरुण मुलाच्या बापाच्या हाती देऊ नये. मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या बापाची गोष्ट ती. आमच्या सासऱ्यांनी ती वाचायला घेतली, तेव्हा चार दिवस ते आमच्या ह्यांच्याकडे फार विचारपूर्वक बघत होते.

जागेबद्दल फार चिकित्सा करू नये. जिथे बसाल तिथे कोणीतरी येणारच. संडास ही वाचनाची जागा असल्याचं पुरुषमंडळी सांगतात. 9 माणसांत एक असेल तर नाही.

खरी गोम वेगळीच आहे. बसून वाचणारा माणूस रिकामा दिसतो आणि रिकामा माणूस घराला बघवत नाही. हे सकाळी तासभर पेपर उघडून बसतात, त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण पेपर म्हणजे काम. कादंबरी म्हणजे लोळणं. पेपरच्या आत कादंबरी धरून वाचण्याचा प्रयोगही मी करून पाहिला. आठच्या सुमाराला सासूबाईंना कुरडयांच्या प्लॅस्टिकखाली अंथरायला तो पेपर हवा झाला, आणि मी उघडी पडले. तेव्हा नियम असा, की वाचताना हातात, किंवा निदान समोर, एक काम असावं. काम असं निवडावं, की त्याला माणूस लागतो पण माणसाचं डोकं लागत नाही.

अशा कामांत वाळवण राखण्याला तोड नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, वाटून त्याचा चीक काढतात, पहाटे तो शिजवतात आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं गच्चीवर घालतात. इथपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. पण कुरडया घालून झाल्या, की चिमण्या, कावळे आणि शेजारचं मांजर यांच्यापासून त्यांचं रक्षण करायला कोणीतरी बसावं लागतं, आणि हे काम कोणालाच नको असतं. ते तोंड वाकडं करून स्वीकारावं. आनंद दिसला, की संपलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकावी, एका हातात काळं फडकं बांधलेली काठी, दुसऱ्या हातात कादंबरी. पान उलटताना काठी एकदा हलवावी. मजकूर चांगला असेल तर कावळे पुष्कळ कुरडया खातात; ते प्रमाण लेखकाच्या योग्यतेचं माप समजायला हरकत नाही. ‘कोसला’नं आमचं दीड ताट नेलं. नंतर सासूबाईंनी ताटं मोजली आणि यंदा चीक कमी निघाला असं म्हणाल्या. मी गप्प राहिले.

दुसरं काम आमरसाचं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे पेटी येते. खोलीभर पेंढ्यात आंबे लावलेले असतात आणि रोज ते चाचपून पिकलेले वेगळे काढावे लागतात. या खोलीत कोणी फार वेळ थांबलं तरी शंका येत नाही. मात्र रसाच्या हातानं पान उलटू नये. वाचनालयाच्या पुस्तकांवर मी हापूसचे, पायरीचे आणि एका ठिकाणी नक्कीच शेंगाचटणीचे डाग पाहिले आहेत. आमच्या आधी कोण जेवलं आणि काय जेवलं हे सोलापुरात पुस्तकावरून कळतं.

मुलांबद्दल एकच सांगायचं. नणंद माहेरपणाला येते तेव्हा दोन भाचरं येतात, आपली दोन असतात, आणि या चौघांचं “मामी, हा बघ ना” आणि “आई, तिनं आधी” सुरू होतं. त्यांना पुस्तकं द्यावीत हे सगळे सांगतात. मी ‘फास्टर फेणे’ दिलं. दोघांनी वाचलं आणि मग चौघांनी मिळून गल्लीतल्या एका निरपराध भंगारवाल्याचा तीन दिवस पाठलाग केला. वाचनाचा इतका तात्काळ परिणाम झालेला मी दुसऱ्या कोणावर पाहिला नाही.

व्यत्ययाचं वाईट वाटून घेऊ नये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यांनी 1890 साली काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून तुकड्यातुकड्यानं आली. त्यातल्या यमूचं पुढे काय झालं हे कळायला तेव्हाच्या बायकांना आठवडा काढावा लागे, आणि त्यांनी तो काढला. पाहुणे, दूधवाला आणि मिक्सर दुरुस्त करणारा यांनी आपल्या कादंबरीचं तसंच साप्ताहिक केलं आहे असं समजावं. जाता जाता, मराठीतली पहिली म्हणतात ती कादंबरी, 1857 सालची ‘यमुनापर्यटन’, तीही एका यमुनेचीच. त्या यमुनेला निदान पर्यटन घडलं.

खुणेसाठी पान दुमडू नये. हाताशी येईल ती चपटी वस्तू घालावी: कुंकवाची रिकामी पुडी, किराण्याची यादी, लाईटचं बिल. याच खुणेमुळे गेल्या मेमध्ये मला एक शोध लागला, म्हणून तो सविस्तर सांगते.

वाचनालयातून ‘स्वामी’ आणली होती. रणजित देसाईंची, 1962 सालची, लग्नाआधी एकदा वाचलेली. लाईटचं बिल घालून मी ती आंब्याच्या खोलीत पेंढ्याखाली ठेवत असे. एक दिवस उघडली तर बिल जागच्या जागी होतं, पण 60 पानं पुढे आणखी एक खूण होती. कापसाची वात.

आमच्या घरात वाती एकच माणूस वळतं. सासूबाई रोज दुपारी दीड ते तीन देवघरात वाती वळत बसतात. ‘मला हाक मारू नका गं, मोजणी चुकते’ असा त्यांचा दंडक आहे, आणि तो मी 14 वर्षं पाळला. 14 वर्षांत त्या ज्या वेगानं वाती वळत होत्या, त्या वेगानं एखाद्या लहान देवळाचंही भागलं नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण लक्षात कोण घेतो.

मी काही बोलले नाही. बिल पुढे सरकत राहिलं, वात पुढे सरकत राहिली. मी सकाळी गच्चीवर, त्या दुपारी देवघरात. चौथ्या दिवशी बिल आणि वात यांच्यात 12 पानं उरली. त्याच दिवशी कांदा-लसूण मसाल्यासाठी 5 किलो कांदे घरी आले.

‘स्वामी’ वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. थोरले माधवराव क्षयानं 1772 साली थेऊरला गेले, वय 27, आणि रमाबाई सती गेल्या, हे पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं. शेवट ठाऊक असतो आणि तरी रडू येतं. भरल्या घरात रडणाऱ्या बाईला कारण द्यावं लागतं, म्हणून शेवटची 40 पानं कांदा चिरायच्या दिवशी ठेवावीत, हा माझा जुना नियम. तो माझा एकटीचाच आहे असं मला वाटत होतं.

“कांदा मी चिरते,” मी म्हणाले.

“राहू दे. तुझे डोळे झोंबतात. मी बघते,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.”

“डाव्याचं झालंय. उजव्यानं चिरते.”

शेवटी परात मध्ये ठेवून दोघी दोन बाजूंना बसलो. पुस्तक पाटावर, उलटं. बराच वेळ नुसता विळीचा आवाज. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, “तू कुठं आलीस?”

“थेऊरला.”

“मग थोडंच राहिलंय.”

स्वयंपाकघराच्या दारातून नणंद म्हणाली, “थेऊरला कोण चाललंय? मलाही यायचंय. चिंतामणीला नवस बोललेय.”

कादंबरी चोरून वाचण्यातला खरा धोका हा. पुढच्या रविवारी पहाटे चार वाजता गाडी ठरवून, दशम्या, कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून आम्ही 9 माणसं पुण्याच्या रस्त्याला लागलो. दोनशेच्या वर किलोमीटर. चौघांपैकी दोघांना इंदापूरच्या आधीच मळमळलं. नवस फिटला, दर्शन झालं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, नदीकडे रमाबाईंची समाधी आहे ती बघून येऊ. आम्ही दोघीच गेलो. पाच-सात मिनिटं उभ्या राहिलो. परत आल्यावर हे विचारायला लागले, डोळ्यांत काय गेलं दोघींच्या? कांदा जवळ नव्हता. “ऊन,” सासूबाई म्हणाल्या.

यंदा त्यांनी स्वतःहून ‘पानिपत’चं नाव काढलं आहे. मसाल्याचे कांदे या वेळी 8 किलो घ्यावेत असं आमचं ठरलं आहे.

जाता जाता एक विनंती. ‘स्वामी’ची ती प्रत वाचनालयाला परत करताना आमचं एप्रिलचं लाईटचं बिल आत राहिलं. भरल्याचा शिक्का त्यावर आहे आणि हे अजून ते शोधत आहेत. ज्यांच्या हाती पुस्तक गेलं असेल त्यांनी बिल तेवढं परत आणून द्यावं. वात राहू दिली तरी चालेल.