लिगेचरची तजवीज

वाळवे तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या इस्लामपूर नगरीत काय मिळत नाही, असा प्रश्न एखाद्या परगावच्या इसमाने केला, तर अस्सल इस्लामपूरकर त्याच्याकडे प्रथम अनुकंपेने पाहतो. कारण उसाच्या बेण्यापासून दिवाणी वकिलापर्यंत आणि ट्रॅक्टरच्या टायरापासून लग्नाच्या फेट्यापर्यंत, संसाराला आणि भाऊबंदकीला लागणारी यच्चयावत सामग्री येथील पेठेत मौजूद आहे, अशी त्याची श्रद्धा असते. त्या श्रद्धेला तडा देण्याचे काम आजवर महापुरांना व निवडणुकांना साधले नव्हते. ते एका बोटभर रुंदीच्या धातूच्या पट्टीने केले.

या पट्टीस लिगेचर म्हणतात. सॅक्सोफोन हे वाद्य नखशिखान्त पितळेचे असूनही शास्त्राने त्याची गणना काष्ठवाद्यांत केली आहे, कारण त्याचा प्राण धातूत नसून बोरूसारख्या एका पोकळ गवताच्या तासलेल्या पत्तीत असतो. आणि ही पत्ती माउथपीसच्या सपाट अंगावर हलणार नाही इतकी घट्ट, पण गुदमरणार नाही इतकी सैल धरून ठेवण्याचा नाजूक अधिकार ज्याच्याकडे सोपवलेला असतो, ते हे लिगेचर. बेल्जममधील दिनाँ गावी १८१४ साली जन्मलेल्या आदोल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये आपल्या वाद्याचे पेटंट मिळवले, त्याच्या लहानमोठ्या आकारांचे एक सबंध कुटुंब सिद्ध केले, चाव्यांची व्यवस्था लावून दिली. मात्र माउथपीसचा बाहेरचा घेर किती असावा, याविषयी जगाला बांधील असा काही दस्तऐवज त्याने मागे ठेवला नाही. परिणामी आल्टोचे माउथपीस वेगळे, टेनरचे वेगळे, एबोनाइटचे जाड आणि धातूचे सडपातळ, शिवाय प्रत्येक कारखानदाराचा शिरस्ता निराळा, अशी बेबंदशाही या प्रांतात माजलेली असून एकाच टेनरची दोन माउथपीसे एका लिगेचरात नांदत नाहीत.

आमच्या गावच्या बँडचे मास्तर या बेबंदशाहीत सापडले, ते एका देणगीमुळे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि व्हायोलिन यांची जी गादी चालवली, त्या परंपरेतील एका वृद्ध वादकाने आपले धातूचे टेनर माउथपीस मास्तरांना दिले. मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनवर पोसलेल्या मास्तरांच्या कानांनी त्यातून पहिला सूर निघताच आपले जुने एबोनाइटचे माउथपीस कायमचे बडतर्फ केले. परंतु देणगीबरोबर लिगेचर आलेले नव्हते आणि जुने लिगेचर नव्या माउथपीसवर थोरल्याची बंडी धाकट्याच्या अंगात लोंबावी तसे लोंबू लागले. लग्नसराई तोंडावर आली होती. तेव्हा बँडच्या भागीदारांची सभा भरून ‘टेनरकरिता लिगेचर एक, पावतीनिशी खरेदी करावे व त्याप्रीत्यर्थ होणारा प्रवासखर्च मंजूर समजावा’ असा ठराव झाला, आणि महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला व सध्या बँडचा हिशेब लिहिणारा मी, मास्तरांच्या समागमे निघालो.

गाव सोडण्यापूर्वी स्थानिक चौकशी पुरी करणे हे कायद्याला धरून होते. हार्मोनियम, ढोलकी आणि ताशे विकणाऱ्या दुकानात लिगेचर या शब्दाला कोणीच ओ दिली नाही. मात्र शेजारच्या ठिबक सिंचनाच्या दुकानदाराने, गिऱ्हाइकाला रिक्तहस्ते जाऊ न देण्याच्या पेठेच्या बाण्याला अनुसरून, पाइप आवळण्याचे क्लॅम्प हारीने मांडले. आश्चर्य असे की आदोल्फ साक्सने जी शिस्त लावली नाही ती येथे होती! अर्ध्या इंचापासून पुढे कोणत्याही घेराचा क्लॅम्प, स्क्रू फिरवताच आवळणारा, गंजाची हमी नसलेला, अत्यल्प दरात हजर. मी मोहात पडलो. मास्तरांनी क्लॅम्प हातात घेऊन एकवार फिरवला आणि खाली ठेवला.

“आण्णा, ही काय पाण्याची मोटार न्हवं. पत्ती चेंगारली की सूर मरतोय.”

“पण गळती तर थांबेल?” दुकानदाराने निष्पाप मुद्रेने विचारले.

एस.टी.त बसल्यावर सॅक्सोफोनच्या पेटीचा प्रश्न उपस्थित झाला. कंडक्टरांनी तिच्याकडे पाहून हे लगेज आहे की हातसामान, याची तहकिकात आरंभली. मास्तरांनी पेटी उघडून दाखवली. पेटीतील पितळ झळकताच पुढच्या-मागच्या बाकांवरील उतारूंनी आपापली मते नोंदवली. आणि साखराळ्याचा साखर कारखाना मागे पडेपर्यंत प्रकरण अनिर्णीत राहिले. आष्ट्यास चढलेल्या एका आजीबाईंनी हे वाजवून दाखवल्यावाचून त्याचे तिकीट ठरणार कसे, असा बिनतोड सवाल टाकला. मास्तरांनी माउथपीस काढले, बोटाने पत्ती दाबून धरली आणि एक फुंकर मारली. निघालेला ध्वनी ऐकून पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवाल्याने सत्वर बाजू दिली, ड्रायव्हरसाहेबांनी मागे वळून समाधान व्यक्त केले आणि कंडक्टरांनी पेटीला मोफत प्रवासाचा हुकूम बहाल केला. तुंग गेले, कसबे डिग्रज गेले, सांगलीवाडी आली, आणि १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून कृष्णामाईला हात जोडत आम्ही सांगलीत दाखल झालो.

सांगलीच्या पेठेतील वाद्यांचे दुकान पाहताच मास्तरांचा चेहरा उजळला, कारण काचेच्या कपाटात खरोखरीची लिगेचरे, निकेलच्या लखलखाटात, ओळीने बसली होती. दुकानदार जाणता होता. बँडचा बहुतेक माल मीरतच्या जली कोठीतून येतो, तेथे पिढ्यान्‌पिढ्या बिगुलापासून युफोनियमपर्यंत सर्व काही घडते, हे त्याने आम्हास सविस्तर ऐकवले आणि मग एकेक नग मास्तरांच्या हाती दिला. क्लॅरिनेटचे लिगेचर माउथपीसच्या निम्म्यापर्यंत जाऊन अडले. आल्टोचे बसले खरे, पण स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत पिळूनही पत्ती त्यात डोलत राहिली. टेनरचे म्हणून जे दिले, ते माउथपीसवरून घरंगळून थेट दुकानदाराच्या हिशेबाच्या वहीवर पडले.

“मीरतला मागणी कळवतो,” तो म्हणाला, “मापाचा आकडा तेवढा द्या.”

माप घ्यायचे कोठे, हा पेच तेव्हा उद्भवला. कारण माउथपीस टोकाकडे निमुळते होत जाते आणि प्रत्येक जागी त्याचा घेर निराळा भरतो. दुकानदाराने दोऱ्याने मोजले, मास्तरांनी वितीने मोजले, मी जमीनमोजणीच्या जुन्या सवयीने दोन्हींची सरासरी काढली. तीनही आकडे परस्परांस इतके अपरिचित निघाले की मागणी तूर्त तहकूब करणेच रास्त ठरले.

आता मिरजेवाचून गत्यंतर नव्हते. ज्या गावाने रुळांच्या मापांचा सर्वांत मोठा गोंधळ पचवला, त्या गावास आमचे गाऱ्हाणे सांगणे मला उचितही वाटले. कारण १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, १००० मिलिमीटरचा मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज असे तिन्ही रूळ एके काळी मिरज जंक्शनात येऊन मिळत, आणि एका गाडीतून उतरलेले प्रवासी व पोती पाठीवर वाहून दुसऱ्या गाडीत नेऊन घालण्यात हमालांच्या आयुष्याची वर्षे सरत. १९९२ साली रेल्वेने एकाच रुंदीचा संकल्प सोडला आणि यथावकाश मिरजेचे सर्व रूळ ब्रॉडगेज झाले. एवढ्या अवाढव्य खात्याला जे जमले ते मूठभर माउथपीसवाल्यांना का जमू नये, असा विचार मी मास्तरांपुढे मांडला. मास्तर म्हणाले, “रेल्वेला तोंडात धरून फुकायचं नसतंय, आण्णा.” या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार. पटवर्धनांच्या संस्थानात शस्त्रांना धार लावणारे हे हात एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्याकडे वळले, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांना त्यांनी असा कंठ दिला की २०२४ साली येथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. एका ओट्यावर सुकत पडलेल्या भोपळ्यांमध्ये बसून एक वयस्क कारागीर चाचा तंबोऱ्याची जव्हारी लावीत होते. त्यांनी आमची कैफियत शेवटपर्यंत ऐकून घेतली, माउथपीस उजेडाकडे धरून पाहिले आणि विचारले, “मास्तर, तुमच्या घरात सनई होती का कधी?”

“आज्जा वाजवत हुता.”

“मग त्याची पत्ती कशानं बांधत होता?”

मास्तर गप्प झाले. चाचांनी सुताच्या गुंडीतून हातभर दोरा तोडला, पत्ती जागच्या जागी बसवली, एकास लागून एक असे वेढे घातले, शेवटचे टोक वेढ्यांखालून ओढून घेतले आणि माउथपीस परत दिले. “हे कसायचं काम नाही, बांधायचं काम आहे,” एवढेच ते म्हणाले आणि जव्हारीकडे वळले. इव्हान म्युलर नावाच्या वादकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्लॅरिनेटला स्क्रूची धातूची पट्टी बसवली असे मानतात; तोवर युरोपातले वादकही दोराच गुंडाळीत, आणि जर्मनी-ऑस्ट्रियातील कित्येक क्लॅरिनेटवादक आजही तो सोडावयास राजी नाहीत. मास्तरांनी फुंकले. शेजारच्या ओट्यांवरची कानसे थांबली, सूर दीर्घ आणि गोल निघाला, पत्ती तसूभर हलली नाही, आणि चाचांनी मान न उचलता मिटल्या डोळ्यांनी षड्ज किंचित चढा असल्याचा शेरा मारला.

कार्य सिद्धीस गेले, परंतु कचेरीच्या दृष्टीने प्रकरण आता कोठे बिघडले होते. चाचांनी दोऱ्याचे पैसे घेण्यास साफ नकार दिला. पैसे नाहीत म्हणून पावती नाही. पावती नाही म्हणून खरेदी नाही. आणि ठरावातील शब्दयोजना पाहता खरेदीवाचून दोन इसमांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि चहापाणी मंजूर होण्याची सुतराम शक्यता नव्हती. मास्तरांना हा धोका समजावून सांगण्यास मला मिरज ते सांगली एवढे अंतर पुरेसे झाले. आम्ही सांगलीत उतरलो, त्याच दुकानी गेलो, आणि घरंगळून पडलेले ते टेनरचे लिगेचर, रीतसर घासाघीस करून, पक्क्या पावतीनिशी खरेदी केले. ते न बसणारे आहे याची दुकानदाराने प्रामाणिकपणे पुन्हा एकदा आठवण करून दिली. तेव्हा मी त्याला पावतीवर ‘नग एक, सुस्थितीत’ एवढेच लिहावयास सांगितले.