मुलगा दाखवायचा कुठे?

जुलै महिन्यात उल्हासनगरातल्या करसल्लागारांच्या गाळ्यांत अंबरनाथ-बदलापूरचे बाप येऊन बसतात. हातात फॉर्म १६, पिशवीत पावत्यांचा गठ्ठा आणि ओठांवर एक प्रश्न, जो नेमका उठता उठता विचारला जातो.

"मुलगा घरीच आहे अजून. सत्तावीस पूर्ण झाली. परीक्षा देतोय. त्याला कुठे दाखवता येईल का?"

"काका, त्याच्या नावाची कसली पावती आहे?"

"पावती नाही. जेवतो."

"मग नाही."

आपल्या प्राप्तिकर कायद्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात आटोपतं. सरकारला तुमचं मूल दिसत नाही, पावती दिसते.

जुन्या करपद्धतीतल्या वजावटी बघा. मुलाच्या कॉलेजची फी भरलीत? ८०सी आहे. दोन मुलांपर्यंत, पूर्णवेळ शिक्षणाची, तीही पीएफ आणि विम्याच्या हप्त्यांसकट दीड लाखाच्या एकाच पोत्यात कोंबलेली. स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी मात्र चालत नाही. म्हणजे ज्या फीने बापाचं कंबरडं मोडतं, नेमकी तीच वगळून. तुम्ही मुलासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलंत? ८०ई. भरलेल्या सगळ्या व्याजाला वजावट, आठ वर्षांपर्यंत, वर मर्यादा नाही. तेच पैसे मुलाच्या मामाकडून उसने घेतले असतील, तर मामाचे आभार माना आणि पुढे चला. मुलाच्या आयुष्याचा विमा काढलात? उत्तम. मुलगा चाळिशीचा असो, लग्न झालेला असो, स्वतः कमावता असो, हप्ता तुम्ही भरला की वजावट तुमची.

'अवलंबित' ही अट येते आरोग्य विम्याच्या ८०डीमध्ये. पण अवलंबित म्हणजे किती वर्षांपर्यंतचा, हे तिथे सांगितलेलं नाही. कायदा गप्प बसतो आणि विमा कंपन्या बहुधा पंचविशीला दार लावून घेतात. पोरगा सोफ्यावरच असतो, पॉलिसीतून मात्र बाहेर.

या यादीत एक गंमत आहे. प्रत्येक वजावटीच्या पलीकडे कुणीतरी पैसे घ्यायला उभं आहे: कॉलेज, बँक, विमा कंपनी. मुलासाठी बाहेर पैसे मोजलेत, तर तुम्ही कर्तव्यदक्ष पालक. घरात दोन वेळचं जेवण, मोबाइलचं रिचार्ज, लोकलचा पास आणि मुलाखतीसाठी नवा शर्ट दिलात, तर ती तुमची हौस.

हाच कायदा मूल लहान असताना किती मायाळू असतो बघा. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या नावावर ठेव ठेवलीत, तर तिचं व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात जोडतात. जुन्या पद्धतीत त्यातून दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपये सोडतात. तेवढ्यात आज एक बरी शाळेची बॅगही येईल. थोडक्यात, मिळकत मोजताना मूल बापाचं आणि खर्च मोजताना ज्याचं त्याचं.

ज्या उल्हासनगराने 'मेड इन यूएसए'चा, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'चा, विनोद देशाला दिला, त्याने एकदा खऱ्या यूएसएकडे बघायला हरकत नाही. तिकडची मुलं अठरा झाली की घराबाहेर, आपली संस्कृती वेगळी, असं आपण लग्नाच्या पंगतीत ऐकत आलो. पण तिकडचा कर कायदा पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला चोवीस वर्षांचा होईपर्यंत आईबापांच्या रिटर्नमध्ये बसू देतो. राहणं आणि पोसणं यांच्या अटी आहेत. त्या पाळल्या, तर मूल सतराच्या पुढे गेल्यावरही ५०० डॉलरपर्यंत करात सूट मिळते. मुलाची कमाई अगदीच तुटपुंजी असेल, तर त्याहून मोठ्या वयातही वाट आहे. न्यू जर्सीतला मराठी बाप हे दरवर्षी करतो आणि इकडे फोन करून आपल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुकही करतो. मुलाला बाहेर काढणारा समाज त्याला कागदावर धरून ठेवतो. मुलाला पस्तिशीपर्यंत घरात ठेवणाऱ्या समाजाचा कागद कोरा.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच, असंही नाही. १९५५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहित आणि अविवाहित यांच्या करमुक्त मर्यादा वेगळ्या केल्या. १९५८ साली तर हिशेब मुलांपर्यंत पोचला होता: एकटा असाल तर १,००० रुपये करमुक्त, लग्न झालेलं असेल तर ३,०००, एक मूल असेल तर ३,३००, दोन असतील तर ३,६००. रक्कम किरकोळ वाटेल, पण बापाच्या ताटावर आणखी कोण जेवतं, हे सरकार विचारत होतं. पुढे ते विचारणंच बंद झालं.

यावर सरकारी उत्तर तयार आहे. नवी पद्धत घ्या, २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला तर पावणेतेरापर्यंत. मग वजावटी हव्यात कशाला? उत्तर निम्मं बरोबर आहे. बदलापूर लोकलच्या डब्यातल्या बहुतेकांचा प्रश्न त्याने खरंच सुटला. पण त्या रेषेच्या वर, सडाफटिंग माणूस आणि तीन माणसं पोसणारा माणूस नव्या पद्धतीत पै-पैशाने सारखाच कर भरतो. ही समानता नव्हे, हा आळस आहे.

त्या आळसात एक गोष्ट अशी गेली, जी जायला नको होती. ८०डीडी. घरातलं अवलंबित माणूस, म्हणजे मूल, जोडीदार, आईवडील किंवा भावंड, दिव्यांग असेल आणि त्याच्या उपचारांवर, प्रशिक्षणावर किंवा सांभाळावर तुम्ही खर्च करत असाल, तर ७५,००० रुपयांची वजावट. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल, तर सव्वा लाख. खर्च किती झाला, याला महत्त्व नाही, रक्कम ठरलेली. मुलाच्या वयाची अट नाही. कायद्यातलं हे कलम असं, जे पावत्यांची बेरीज न मागता माणूस बघतं. नव्या पद्धतीत तेही नाही.

सत्तावीस वर्षांचा धडधाकट पोरगा बाप पोसेल, कुरकुरत का होईना. पण चाळिशीच्या मतिमंद मुलीला सांभाळणाऱ्या सत्तरीच्या आईला आणि सोफ्यावरच्या परीक्षार्थीच्या बापाला एकाच मापाने मोजणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. अर्थमंत्र्यांनी बाकी काही नाही दिलं तरी चालेल, ही एक वजावट नव्या पद्धतीत आणावी.

तोवर ज्यांच्या घरी असं कुणी आहे आणि उत्पन्न करपात्र आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडून घ्यावा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवावं आणि रिटर्न मुदतीतच भरावं. उशिरा भरलं, तर जुनी पद्धत निवडता येत नाही.