पामेरियन होऊन शिबुयात जगण्याची रीत

सदर मार्गदर्शन 'टोकियो जंगल' या खेळाचे असून ते खास जालनेकरांसाठी आहे. क्रिस्पीज नावाच्या जपानी मंडळींनी बनवलेला हा खेळ २०१२च्या जूनमध्ये प्लेस्टेशन ३वर आला. टोकियोतली माणसे गायब झाली आहेत आणि मागे राहिलेली जनावरे एकमेकांना खाऊन दिवस काढताहेत, एवढीच कथा.

सुरुवातीला दोनच प्राणी मिळतात, पामेरियन आणि सीका हरिण. पामेरियनच घ्यावा. आपल्याकडे हा जीव गेटच्या आतून पोस्टमनवर भुंकतो आणि चहात बुडवल्याशिवाय बिस्किटाला तोंड लावत नाही. तोच टोकियोतल्या शिबुया भागाच्या गवतात दबा धरून एका चाव्यात सावज लोळवतो, हे पाहण्यातच निम्मी मजा आहे.

भुकेची पट्टी सतत उतरत असते, तेव्हा थांबू नये. वर्ष मिनिटभरात सरते. दिसेल त्या खुणेपाशी जाऊन इलाखा आपल्या नावावर करावा. (कृती पाय वर करून करायची असते. प्रात्यक्षिक कुठल्याही विजेच्या खांबापाशी फुकट पाहायला मिळेल.) इलाखा हाती आला की स्थळे येतात. इथे घाई नडते. मिळेल ती मादी पत्करली तर पिसवा लागतात, उत्तम प्रतीची मिळाली तर पिल्ले जास्त, आणि जितकी पिल्ले तितके आपले जीव. पत्रिका जुळवण्याची सोय नाही. टोपी आणि कपडे मात्र जरूर घालावेत, त्याने अंगात बळ येते. आपल्या पुढाऱ्यांना हे फार आधी कळले आहे.

हरिण घेणाऱ्यांनी आधी रोह्यांकडे शिकवणी लावावी. हरभऱ्यात शिरावे कधी, झटका मशीनची तार ओलांडावी कुठून, हे अंबड-घनसावंगीकडचे रोही कुणालाही शिकवतील. खेळात एक उणीव त्यांना लगेच खटकेल : बॅटरी घेऊन माळ्यावर रात्रभर जागणारा शेतकरी तिथे नाही. माणूसच नसेल तर शेत खाण्यात कसली आली मर्दुमकी?

पण मूळ दोष वेगळा आहे, आणि तो जालन्याच्या माणसालाच दिसावा. खेळ निघाला त्याच पावसाळ्याने आपल्याला दगा दिला. २०१२-१३च्या दुष्काळात घाणेवाडीच्या तलावाने तळ दाखवला, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. त्याच काळात शिबुयातली जनावरे काय सोसत होती? भूक आहे, विषारी हवेची पट्टी आहे. तहानेची पट्टीच नाही! पाण्याचा घोट न घेता पिढ्यान्‌पिढ्या संसार चालतो. टँकरचा हॉर्न ऐकून हंड्यासह धावणे, नंबर धरून ठेवणे, शेजारणीशी वैर न घेता तिच्या पुढे सरकणे, या कौशल्यांना एकही गुण नाही. जपान्यांनी एक मे महिना परतूर-मंठ्याकडे काढला असता तर खेळ पूर्ण झाला असता.

बाकी दोष किरकोळ, पण चिवट आहेत. कथेचे पुढचे भाग उघडायचे तर वर सांगितलेल्या जगण्याच्या खेळात फिरून फिरून नोंदी शोधाव्या लागतात. नवा प्राणी हवा असेल तर आधीच्या प्राण्याकडून नेमून दिलेली कामे उरकून घ्यायची, वर गुण मोजायचे. रस्ते तेच, गवत तेच. मेलात की पुन्हा पहिले वर्ष. काही जण केवळ पुढे डायनासोर मिळतो या आशेवर तग धरतात, आणि तो खरेच मिळतो. त्यांना नाउमेद करू नये.

शेवटची सूचना विजेबद्दल. मध्येच लाइट गेली तर चालू डाव गेला असे समजावे. आणि लाइट आली की लगेच कुत्रा घेऊन बसू नये. नळाला पाणी आलेले असते, मोटार लावायची असते आणि आई हाक मारत असते. आधी मोटार.